पक्कं म्हणणारा

खाणीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा संबंध जेमतेम होता. मोरीत त्याने सूर लावला की बायको बाहेरून बादली आपटायची. नाव पडलं होतं ते दगडामुळे.

जमिनीखाली चारशे मीटरवर तो खडक कापायचं मशीन चालवायचा. रणगाड्यासारख्या साखळ्यांवर सरकणारं धूड, पुढे लांब मान, मानेच्या टोकाला पोलादी दातांचा गरगर फिरणारा गोळा. बोगद्यातली माणसं तिला घूस म्हणायची. घूस समोरचा खडक दीड मीटर कुरतडायची, दोन पंजांनी चुरा पोटाखाली ओढायची आणि पट्ट्यावरून मागे ओकायची. मग कानसेन तिला मागे घ्यायचा, वीज तोडायचा आणि खाली उतरायचा. कानठळ्या बसवणारा आवाज एकदम थांबला की बोगदा जास्तच अंगावर यायचा. पाण्याचे थेंब ऐकू यायचे. कुणी खोकत नसे.

तो लांब सळई उचलायचा. छताला आधीचे बोल्ट मारलेले असत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली पाय रोवायचा आणि हात लांब करून पुढच्या उघड्या छताला ठोकायचा. तीन जागी, तीन-तीनदा. अखंड खडक खणकन वाजतो, घंटेसारखा. वरून सुटू पाहणारा थर असेल तर आवाज बसका येतो, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा.

मग तो एक शब्द बोलायचा. पक्कं, किंवा पोकळ.

पक्कं म्हटलं की ओळीला चार बोल्ट. पोकळ म्हटलं की सहा, वर लोखंडी जाळी, आणि अर्धी पाळी त्यातच गारद. यावर कुणी हुज्जत घालत नसे. वीस वर्षांत त्याचा शब्द खोटा पडला नव्हता.

त्या शब्दावर नव्या छताखाली सगळ्यात आधी पाऊल टाकायचा तो बोल्ट मारणारा. तो कानसेनचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाला कुलूप ठाऊक नसलेला माणूस.

"बोला भाऊजी लवकर. मरायचं असेल तर डबा आधी खाऊन घेतो."

"तुझ्या बायकोनं केलाय ना? मग खाऊनच मरशील."

आठ माणसं हसायची. कानसेन म्हणायचा, "पक्कं." मेव्हणा आत शिरायचा. अशी वर्षं गेली होती.

घूस चालू असताना कानांवर मोठाली टोपणं चढवायची असा नियम होता. सगळे चढवायचे, कानसेन सोडून. त्याची टोपणं हेल्मेटवर सरकवलेली असत, बोकडाच्या शिंगांसारखी. मुकादमाने दोनदा हटकलं.

"कान झाक."

"झाकले तर दात खडकात कसे बसतायत ते कळायचं कसं? पोटानं?"

मुकादमाने तिसऱ्यांदा हटकलं नाही. ज्याच्या कानांवर आठ जणांचा जीव टांगलेला, त्याला कान झाक म्हणणार तरी कसं?

*

सुरुवात एका मंगळवारी झाली. छत बसकं वाजलं. तो म्हणाला पोकळ. सहा बोल्ट, जाळी. बुधवारी परत बसकं. गुरुवारी परत. शुक्रवारी मुकादम स्वतः सळई घेऊन आला, तीन जागी ठोकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, खणखणीत आहे की. कानसेन, पोकळी छतात नाही, तुझ्या डोक्यात आहे."

सगळे हसले. कानसेनही हसला. मग त्याने मुकादमाच्या हातातली सळई घेतली आणि त्याच जागी ठोकलं. त्याला ऐकू आलं ते असं, जणू सळईच्या टोकाला कुणीतरी ओलं फडकं गुंडाळलंय.

त्याचा चेहरा उतरला. कुणाला दिसलं नाही. बोगद्यात कुणी थेट आपल्याकडे वळलं की त्याच्या कपाळावरचा दिवा डोळ्यांत येतो. बघणारा दिपून जातो, चेहरा दिसत नाही.

घरी येऊन त्याने भिंतीवरचं घड्याळ काढलं. दार लोटून घेतलं, पलंगावर बसला आणि घड्याळ कानाला लावलं. सेकंदाचा काटा हलत होता. आवाज नव्हता. दुसऱ्या कानाला लावलं. तिथेही नव्हता. त्याने घड्याळ हलवलं, पुन्हा लावलं, आणि मग बराच वेळ ते मांडीवर उपडं ठेवून बसून राहिला.

पुढच्या आठवड्यात तो एकेक आवाज शोधत फिरला. दारावरची बेल गेली होती. खिडकीतल्या चिमण्या चोची उघडायच्या, मिटायच्या. बारीक, धारदार, टोकदार ते सगळं गेलं होतं. जाड, बसकं तेवढं उरलं होतं. माणसांचे आवाज यायचे, पण गोधडीखालून बोलल्यासारखे. आणि खडकाची खणक नेमकी त्या गेलेल्यांत होती. आता जगातलं प्रत्येक छत त्याला पोकळच वाजणार होतं.

सांगायला हवं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं की वर पाठवतील. वर म्हणजे दिवेघरात, जिथे कंबर गेलेले आणि फुप्फुसं गेलेले जुने लोक खिडकीमागे बसून दिवे चार्जिंगला लावतात. तेही त्याने सोसलं असतं. पण उद्या सांगू, उद्या सांगू करता करता पंधरा दिवस गेले, आणि मग सांगायचं म्हणजे त्या पंधरा दिवसांचंही सांगायचं असं झालं. जीभ आणखी जड झाली.

त्यातच दवाखान्यात वर्षाची तपासणी आली.

काचेच्या खिडकीची छोटी खोली. आत स्टूल, कानांवर यंत्र, हातात बटण. सिस्टर बाहेर बसून एकेक सूर सोडणार, ऐकू आला की बटण दाबायचं. कानसेन आत बसला. सिस्टर बाजूला बसली होती, पण काचेतून मागच्या कपाटाच्या पत्र्यावर तिचं तिरपं प्रतिबिंब दिसत होतं. सूर सोडताना तिचा उजवा खांदा सूतभर उचलायचा. तिला माहीतही नसेल. खांदा उचलला की त्याने बटण दाबलं. उचलला, दाबलं. मध्ये दोनदा मुद्दाम चुकवलं, शंका नको म्हणून.

"काका, या वयात असे कान? मशीनवर काम करता ना तुम्ही?"

तिचे ओठ बघून त्याने उत्तर दिलं. "खडकाचं ऐकतो, सिस्टर. माणसांचं कमी."

ती हसली आणि शिक्का मारला. तो बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला. आता त्याच्या खिशात एक सही-शिक्क्याचा कागद होता, त्याचे कान उत्तम असल्याचा. त्या कागदाची त्याला जेवढी भीती वाटली तेवढी छताची कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून तो चेहरे वाचायला लागला.

डोळ्यांनी किती ऐकू येतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मुकादमाची हनुवटी पुढे आली की तो घाई करा म्हणतोय. पट्टा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने डोकं खाजवलं की पट्टा अडकलाय. आणि छताचं सांगायला मेव्हणा होता. तरणाबांड गडी, कान शाबूत, सळईपासून चार हातांवर उभा. कानसेन ठोकायचा आणि दिवा जरा तिरपा करून झोत मेव्हण्याच्या तोंडावर ठेवायचा. छत पोकळ वाजलं तर हा दचकेल, भुवया वर जातील, बडबड थांबेल. भुवया काही वर गेल्या नाहीत. चेहरा निवांत, म्हणजे छत नीट.

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी "पक्कं." तिसऱ्या दिवशी "पक्कं." मुकादम खूश झाला.

"कानसेनाचं डोकं आलं एकदाचं ठिकाणावर."

बोगदा भराभर पुढे गेला. मध्ये एका बाजूला भिंतीत कोनाडा कापला, बसून डबे खायला. तो कापला त्या दिवशी कानसेन छत ठोकत होता आणि मेव्हणा कसलातरी जोक सांगून स्वतःच खो खो हसत होता. कानसेन त्याच्या हसण्याकडे बघून हसला, म्हणाला पक्कं, आणि कोनाड्याला चार बोल्ट बसले. खाली लाकडी ओंडक्यांचं बाक झालं. रोज आठ जण तिथे जेवायचे.

कानसेनाला मात्र घास उतरेनासा झाला. मेव्हणा नव्या छताखाली गेला की तो घुशीच्या पायरीवर उभा राहायचा आणि त्याच्या हेल्मेटवरच्या दिव्याकडे बघत राहायचा. दिवा डावीकडे गेला. उजवीकडे गेला. खाली वाकला. वर आला. शेवटचा बोल्ट आवळून दिवा परत फिरेपर्यंत त्याचा श्वास छातीत अर्धाच असायचा. बाहेर आला की मेव्हणा विचारायचा, "काय भाऊजी, नजर लावताय काय?"

"तुला कुणाची लागणार? अंगभर काळा चुरा, तीट लावायची तरी कुठे?"

ओठ वाचून दिलेलं उत्तर. बरोबर बसलं की त्याला अजून भीती वाटायची.

*

बायकोने पकडलं ते एका दुपारी. पाळी संपवून तो घरी आला होता, टेबलाशी चहा ढवळत बसला होता. ती मागच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालत होती. पाठ त्याच्याकडे, ओठांत दोन चिमटे.

"ती टोपली सरकवा जरा इकडे."

"हो, थोडी झोप लागली होती," तो म्हणाला.

ती थांबली. चिमटे तोंडातून काढले. वळून त्याच्याकडे बघितलं. मग आत गेली आणि दाराआड उभी राहिली.

"अहो, तुमच्या बहिणीचं घर जळालं."

तो चहा ढवळत होता.

"ऐकलंत का? घर जळालं म्हटलं. काही उरलं नाही."

त्याने बशी पुसली. एक घोट घेतला.

ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सोंग पुरे. मी आत्ता दाराआडून म्हणाले, तुमच्या बहिणीचं घर जळालं."

"जळालं?" तो अर्धा उठला.

"बसा. धडधाकट उभं आहे. तुमचेच कान जळालेत."

तो बसला. टेबलावरच्या चहाच्या थेंबावरून बोट फिरवत राहिला.

"आवाज येतो," तो म्हणाला. "शब्द येत नाहीत."

"मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावलाय. दोन महिने मी विचार करतेय, मी काय केलं. मेल्या माणसा, तोंडानं सांगायचं तरी." तिने त्याचा हात धरला. मग तिचा हात तसाच थांबला. तिला पुढचं सुचलं ते त्याला तिच्या तोंडावर दिसलं. आजकाल त्याला सगळ्यांच्या तोंडावरचं सगळं दिसत होतं.

"आणि छत?" तिने विचारलं. "छत कोण ऐकतं?"

त्याने कपाचा कान फिरवून आपल्याकडे केला.

"अहो, माझा भाऊ जातो त्याखाली."

"त्याच्याकडेच बघून सांगतो मी. त्याचे कान चांगले आहेत. वाईट वाजलं तर त्याच्या चेहऱ्यावर येईल ना. निवांत असतो तो."

"निवांत?" ती हळू म्हणाली. ओठ जेमतेम हलले, पण त्याला कळलं. "तो लहानपणी माझा हात धरून रस्ता ओलांडायचा तेव्हा डोळे मिटून चालायचा. विचारलं तर म्हणायचा, तू बघतेयस ना, ताई. अजून तसाच आहे तो. भरवशाचं माणूस शेजारी असलं की हा कशाकडे बघत नाही."

चहावर साय धरली.

"उद्या सांगा," ती म्हणाली. "नाही सांगितलंत तर परवा गेटवर मी येईन. पदर खोचून येईन, सांगून ठेवते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टचा पिंजरा खाली उतरताना त्याने वाक्य जुळवलं. मला ऐकू येत नाही. चारच शब्द. पिंजऱ्यात म्हणावं तर दाटीवाटी होती. छोट्या गाडीतून टोकापर्यंत जाताना म्हणावं तर मुकादम समोरच बसून सांगत होता की आज दोन कापण्या व्हायला हव्यात. त्याने मान डोलावली. गाडी पुढे जात होती आणि दिव्याच्या झोतात डोक्यावरून ओळी मागे पडत होत्या. चार बोल्ट. चार बोल्ट. चार बोल्ट. आज पहिल्यांदा तो त्यांच्याकडे वर बघत होता.

टोकाशी पोचल्यावर त्याने घूस सुरू केली. सांगायचं ते कापणीनंतर सांगू. दीड मीटर झालं. मशीन मागे घेतलं, वीज तोडली, उतरला. सळई उचलली. दोन्ही हातांनी धरली.

ठोकलं. ओलं फडकं. ठोकलं. ओलं फडकं.

त्याने दिवा मेव्हण्याच्या तोंडावर नेला. मेव्हणा हातमोज्याचं बोट ओढून नीट करत होता. निवांत.

"पक्कं" जिभेवर आलं, आणि तिथेच अडलं. हात धरून, डोळे मिटून रस्ता ओलांडणारं एक पोर त्याला त्या चेहऱ्यात दिसलं.

"तू सांग," तो म्हणाला.

"काय?"

"पक्कं की पोकळ?"

"परीक्षा घेताय काय भाऊजी? या वयात नापास नका करू."

"सांग ना."

"मी कुठे ऐकलं?" मेव्हणा म्हणाला.

कानसेनाला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. "परत बोल. माझ्याकडे बघून बोल."

"मी ऐकलं नाही म्हणतोय. कुठला ड्रिल लावायचा ते बघत होतो. ऐकायचं काम तुमचं."

"आणि काल? परवा? इतके दिवस मी ठोकतो, तू शेजारी उभा असतोस..."

"तुम्ही असताना मी कशाला कान लावून बसू? मी तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमचं तोंड निवांत दिसलं की झालं, चला आत."

सळई खाली पडली. खडकावर पडून दोनदा उडाली. आवाज मोठा झाला असावा, कारण सगळे वळले.

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो," कानसेन म्हणाला.

मेव्हणा हसायला लागला. ओठ ताणले गेले, दात दिसले, आणि मग हसू तसंच तोंडावर विसरल्यासारखं राहिलं. त्याने एक पाऊल मागे घेतलं, उघड्या छतापासून लांब.

मुकादम पुढे आला. "काय चाललंय? सळई कुणी टाकली?"

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला.

"काय?"

"ऐकू येत नाही मला."

मुकादमाने कानांवरची टोपणं ओढून काढली. "आता बोल. मलाही आलं नाही."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला. मुकादमाने पडलेली सळई उचलली, ओळीखाली उभा राहिला आणि पुढच्या छताला ठोकलं. एकदा. परत एकदा. मग सळई हळूच खाली घेतली, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "पिंपासारखं."

मेव्हणा खाली बसला. जिथे होता तिथेच, ओल्या चुऱ्यात.

"कधीपासून?" मुकादमाने विचारलं.

"तीन महिने असतील."

"असतील म्हणजे काय? नीट सांग."

"एका दिवसात गेलं असतं तर तारीख सांगितली असती. हळूहळू गेलं."

पट्टा सांभाळणारा म्हातारा मागे उभा होता. त्याने डोकं खाजवलं नाही. तो फक्त म्हणाला, "म्हणजे मागचं सगळं..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. आठही दिवे एकदम मागे वळले. दोनशे मीटर काळं भुयार, त्यावर चार बोल्टांची ओळ, मग चार बोल्टांची ओळ, दिसेनाशी होईपर्यंत. प्रत्येक ओळीवर एक पक्कं. आणि बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

"गाडी चालू करू का?" कुणीतरी विचारलं.

"नको," मुकादम म्हणाला. "हादरा नको. मोठ्यानं बोलूही नका. चालत जायचं, ठोकत जायचं. मी ठोकतो, मी ऐकतो. बाकीच्यांनी माझ्या मागे." त्याने भिंतीवरच्या फोनचं हँडल फिरवून वर कळवलं, या नव्या बोगद्यात कुणाला सोडू नका म्हणून. मग तो डोक्यावरच्या पहिल्या ओळीकडे बघत नुसताच उभा राहिला. त्याचा हात वर जाईना. कानसेनाला ते कळलं. एकट्याच्या शब्दावर सात माणसं चालवायची म्हणजे काय, ते मुकादमाला आज कळत होतं.

"मला शिडी द्या," कानसेन म्हणाला.

"तुला?"

"बोटं शाबूत आहेत माझी."

तो कामाला लागला तेव्हा खाणीत छतं बुटकी होती, उभं राहिलं की हाताला लागायची. त्याच्या उस्तादाने कान लावायच्या आधी बोटं लावायला शिकवलं होतं. डाव्या हाताची बोटं छतावर सपाट ठेव, उजव्या हाताने शेजारी ठोक. अखंड खडक गप्प राहतो. सुटलेला थर बोटांखाली थरथरतो, अंगावर माशी बसली की गुरांची कातडी थरथरते तसा. मग मशिनं आली, छतं उंच झाली, बोटं पोचेनाशी झाली, आणि कानसेनाचं नाव कानसेन पडलं.

शिडी आली. मेव्हण्याने उठून ती धरली. त्याच्याकडे न बघता.

"पडाल," तो म्हणाला.

कानसेनाला दिसलं नाही तो काय म्हणाला ते. तो चढला.

मुकादम खालून ठोकायचा, वर कानसेनाची बोटं. "पक्कं," मुकादम म्हणायचा आणि वर बघायचा. कानसेन मान हलवायचा. मग शिडी एक ओळ पुढे. पक्कं. मान. शिडी. आठ माणसं एका माणसाच्या रुंदीत सरकत होती, जणू वरचा खडक झोपलेला कुत्रा आहे. चौदाव्या ओळीला मुकादम पक्कं म्हणाला आणि कानसेनाने मान हलवली नाही.

"परत ठोक."

ठोकलं.

"अजून एकदा."

बोटांखाली काहीतरी हललं की आपलाच हात कापतोय, ते त्याला ठरवता येईना. त्याने हात खाली घेतला, पँटला पुसला, मनगट दुसऱ्या हाताने आवळून धरलं आणि परत लावला. गप्प. "पक्कं," तो म्हणाला. घाम डोळ्यांत उतरला. पुढे.

दीड तासाने कोनाडा आला. ओंडक्यांचं बाक, कुणाचातरी विसरलेला थर्मास, पाठ टेकायला भिंतीशी लावलेला जुना पुठ्ठा. कानसेनाने शिडीवरून कोनाड्याच्या छताला बोटं लावली, मुकादमाने कडेने सळई आत घातली आणि ठोकलं. तो काही बोलायच्या आधीच कानसेनाने हात ओढून घेतला. बोटांखाली सबंध छत थरथरलं होतं, बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक अखंड लादी.

"पोकळ," तो म्हणाला.

"पोकळ," मुकादम म्हणाला.

सगळे त्या बाकाकडे बघत राहिले. काल दुपारी त्यावर आठ जण बसले होते. म्हाताऱ्याने थर्मासकडे हात केला, मुकादमाने तो हात खाली घेतला. समोरच्या भिंतीला पाठ घासत, पोटं आत ओढून, एकेक जण पलीकडे गेला. शेवटी शिडी घेऊन दोघं, मेव्हणा आणि कानसेन. पलीकडे पोचल्यावर मेव्हणा थांबला. त्याने आपला दिवा हाताने झाकला, म्हणजे कानसेनाला त्याचे ओठ दिसतील.

"हे कापलं तेव्हा मी काहीतरी सांगत होतो ना?"

"जोक."

"कुठला?"

"ऐकू आला नव्हता," कानसेन म्हणाला. "तू हसलास म्हणून हसलो."

मेव्हण्याने दिव्यावरचा हात काढला. काही वेळ नुसता उजेड होता.

पुढच्या शंभरेक ओळी पक्कं, मान, शिडी एवढंच चाललं. दोन पोकळ जागी खडूने फुल्या पडल्या. शेवटी भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला आकडा आला, तीन महिन्यांपूर्वी जिथपर्यंत काम आलं होतं तिथला. मुकादमाने सळई भिंतीला टेकवली आणि पाठ सरळ केली. माणसांनी श्वास सोडले. कुणी पाण्याची बाटली काढली. म्हातारा तर हसलाही. इथून पुढे पिंजऱ्यापर्यंत जुना बोगदा होता, मोठा, उजेडाचा. तिन्ही पाळ्या त्यातूनच जातात-येतात.

"झालं," मुकादम म्हणाला. "उतर रे."

कानसेन शिडीवरच होता. त्याला घड्याळ आठवत होतं. ते त्याने मंगळवारनंतर काढलं होतं. त्याआधी काढलंच नव्हतं. चिमण्यांकडे त्याआधी बघितलंच नव्हतं. आणि त्या मंगळवारआधीही एकदा, हिवाळ्यात, बायको म्हणाली होती, बेल वाजतेय, तुम्ही बहिरे झालात काय. तो हसला होता.

त्याने हात लांब केला आणि आकड्याच्या पलीकडच्या, जुन्या बोगद्याच्या छतावर बोटं सपाट ठेवली.

"ठोक," तो म्हणाला.

"अरे, इथं तुझे कान चांगले होते."

"मला काय माहीत?"

मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. मग वळून त्या उजेडाच्या बोगद्याकडे. लांब टोकाशी पिंजरा खाली आला असावा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, त्यावरून कानसेनाने ओळखलं. दुसऱ्या बोगद्यावर जाणारी माणसं उतरत होती. डबे हलवत, बोलत, छताखालून.

"थांबवा त्यांना," मुकादम मागे वळून म्हणाला आणि त्याने सळई परत उचलली. ठोकायच्या आधी त्याने वर बघितलं आणि ओठ नीट हलवत विचारलं,

"अजून किती मागे?"

शिडी हलली. खाली मेव्हण्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान वाकवून कान छताकडे केला.

"ठोक," कानसेन म्हणाला.